५० एनबी लाईनवर ५० एनबीचाच कंट्रोल व्हॉल्व्ह, टेम्परेचर काही केल्या स्थिर राहत नाही

युटिलिटी_नवखा

नमस्कार मंडळी, एक शेल अँड ट्यूब हीट एक्सचेंजर आहे, ताशी ६००० लिटर पाणी ३० वरून ८० डिग्रीला न्यायचं. सॅच्युरेटेड स्टीम, व्हॉल्व्हच्या आधी ७ बार गेज, एक्सचेंजरमध्ये फुल लोडला ३ बार धरून डिझाइन केलंय. लाईन ५० एनबी (नाममात्र व्यास ५० मिमी) म्हणून कंट्रोल व्हॉल्व्हपण ५० एनबीच बसवलाय, लिनियर ट्रिम (आतला प्लग-सीटचा संच), नेमप्लेटवर केव्ही (व्हॉल्व्हच्या क्षमतेचा आकडा) ४०. सेटपॉइंट ८० आहे पण पाणी ७३ ते ८८ मध्ये झुलतंय, पीआयडी (टेम्परेचर कंट्रोलर) ट्यून करून करून कंटाळलो, आणि व्हॉल्व्ह सारखा सीटजवळच खालीवर होत असतो. वेंडर म्हणतो मोठा असला तर बिघडलं काय, कॅपॅसिटी हाताशी राहते. साईज खरंच चुकलाय का? आणि फ्लोमीटर नाही, तर स्टीम नक्की किती लागते ते कसं काढू?

वाफेचा_माणूस

पीआयडीला आत्ता हात लावू नका, आधी हिशोब करू.

६००० किलो पाणी गुणिले ४.१९ गुणिले ५० डिग्री, म्हणजे ताशी साधारण १२ लाख ५७ हजार किलोज्यूल, म्हणजे ३४९ किलोवॉट. ३ बार गेजला स्टीमची सुप्त उष्णता (वाफेचं पाणी होताना सुटणारी) किलोला २१३३ किलोज्यूल. भागा, ताशी ५८९ किलो स्टीम आली. बरेच जण इथे ७ बारची सुप्त उष्णता घेतात, पण स्टीम कंडेन्स होते एक्सचेंजरमधल्या प्रेशरला, म्हणून आकडा तिथलाच घ्यायचा.

आता व्हॉल्व्ह. प्रेशर अ‍ॅब्सोल्यूटमध्ये घ्या (गेज अधिक वातावरणाचा १ बार), गेजमध्ये घेतलंत तर सगळंच चुकेल. आधी ८ बार, नंतर ४ बार. सॅच्युरेटेड स्टीमला पुढचं प्रेशर मागच्याच्या ५८ टक्क्यांच्या खाली गेलं की फ्लो क्रिटिकल होतो, पुढचं प्रेशर आणखी कितीही पाडा, फ्लो वाढत नाही. तुमच्याकडे ५० टक्के आहे म्हणजे क्रिटिकलच. मग नेहमीचं सूत्र, ताशी किलो = १२ × केव्ही × आधीचं अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर. म्हणजे ९६ × केव्ही. ५८९ साठी केव्ही लागतो ६.१ आणि तुम्ही बसवलाय ४०! तो पूर्ण उघडला तर ३८४० किलो सोडेल.

लिनियर ट्रिममध्ये स्टेम (प्लग हलवणारा दांडा) १ टक्का हलला की ३८ किलोचा फरक पडतो. फुल लोडलाच व्हॉल्व्ह १५ टक्क्यांवर, आणि लोड उतरून १५० किलोवर आला तर जेमतेम ४ टक्के उघडा. तिथे ग्लँड पॅकिंगच्या घर्षणाने स्टेम १ टक्का अडकून मग सुटला तरी एकदम पाव लोड इकडचा तिकडे, आता सांगा कुठला कंट्रोलर हे सांभाळेल? शिवाय इतक्या बारीक फटीतून ओली स्टीम जोरात गेली की सीट आणि प्लगवर चर पडतात आणि मग व्हॉल्व्ह बंद असतानाही पास होतो, म्हणजे गळतो. वेंडरला हे दाखवा.

इन्स्ट्रुमेंट_विभाग

वरच्या दादांशी सहमत, थोडी भर घालतो. लाईनचा साईज वेलॉसिटीवरून ठरतो आणि व्हॉल्व्हचा साईज केव्हीवरून, दोन वेगळे हिशोब आहेत. तुमची ५० एनबी लाईन बरोबरच आहे, ५८९ किलोला ७ बारवर वेग सेकंदाला १८ मीटरच्या आसपास येतो. लाईन बदलू नका.

केव्ही ६.३ चा व्हॉल्व्ह घेतलात तर ६०५ किलोच मिळतील, फारच काठावर, स्टीममध्ये थोडं पाणी आलं किंवा सकाळी एक्सचेंजर थंड असला तर पुरणार नाही. पुढचा १० घ्या, ९६० किलोची कॅपॅसिटी, फुल लोडला व्हॉल्व्ह ६० टक्क्यांच्या आसपास राहील. आणि बॉडी काढायची गरज नाही, बऱ्याच मेकमध्ये त्याच ५० एनबी बॉडीत रिड्यूस्ड (कमी केव्हीची) ट्रिम बसते, तेवढी मागवा. वेल्डिंग नाही, रिड्यूसर नाही.

आणखी एक, हे कुणी विचारत नाही म्हणून सांगतो. एक्सचेंजरचं डिझाइन प्रेशर ७ बारपेक्षा कमी असेल तर त्यावरचा सेफ्टी व्हॉल्व्ह हा कंट्रोल व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला असं धरूनच साईज करावा लागतो. म्हणजे आत्ता त्याची कॅपॅसिटी ३८४० किलोची हवी. तेवढी आहे का ते आजच्या आज बघा, ट्रिम येईपर्यंत थांबू नका.

युटिलिटी_नवखा

खूप आभार दोघांचेही. सेफ्टी व्हॉल्व्हची नेमप्लेट लगेच बघतो. पण ५८९ हा कागदावरचा आकडा, प्रत्यक्षात तपासायचा कसा? आणि रात्री पाण्याचा फ्लो पाव होतो तेव्हा झुलणं सगळ्यात जास्त, मधूनच एक्सचेंजरमधून धडधड आवाज येतो, तोही याचाच भाग का? कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) ट्रॅपनंतर (पाणी सोडून वाफ अडवणारा व्हॉल्व्ह) ५ मीटर वर चढवून रिटर्न हेडरला नेलंय.

वाफेचा_माणूस

आवाजाचं कारण वेगळं आहे, त्यावर नंतर येतो. मोजायचं असेल तर कंडेन्सेट तोला. ड्रममध्ये १०० लिटर थंड पाणी घ्या, वजन करा, ट्रॅपच्या पुढून तात्पुरता होज काढून टोक पाण्यात खोल बुडवा आणि घट्ट बांधून ठेवा, नुसतं हातात धरू नका. पूर्ण लोडवर ५ मिनिटं घ्या, परत वजन. ४९ किलोच्या आसपास वाढ आली म्हणजे तुमचे ५८९ बरोबर. थंड पाणी का, तर ३ बारचं कंडेन्सेट उघड्यावर आलं की ८ टक्के फ्लॅश होऊन, म्हणजे परत वाफ होऊन, उडून जातं आणि आकडा कमी दिसतो, थंड पाण्यात ते तिथल्या तिथे विरतं. ड्रम शेवटी ६५-७० डिग्रीला जाईल, फेस शील्ड आणि हातमोजे घालूनच करा.

आता रात्रीचा आवाज. लोड पाव झाला की तेवढी उष्णता द्यायला एक्सचेंजरमध्ये ३ बार लागतच नाहीत, व्हॉल्व्ह प्रेशर पाडत पाडत वातावरणाच्या आसपास किंवा खालीसुद्धा नेतो. तिकडे ५ मीटर चढाचा उलटा दाब अर्धा बार, वर रिटर्न हेडरचा दाब वेगळा. मग ट्रॅप ठणठणीत असला तरी कंडेन्सेटला ढकलणार कोण? ते आतच साचतं, ट्यूब बुडतात, पाणी गार व्हायला लागतं, कंट्रोलर व्हॉल्व्ह उघडतो, स्टीम साचलेल्या पाण्यावर आदळते आणि तो आवाज येतो. याला स्टॉल म्हणतात. रात्री एक्सचेंजरच्या खालच्या अंगाचं टेम्परेचर बघा, वरच्यापेक्षा बरंच गार लागलं तर हेच आहे. ट्रिम बदलून हे जाणार नाही. ट्रॅपनंतर कंडेन्सेट उताराने खालच्या टाकीत सोडा, व्हॅक्यूम ब्रेकर (आत निर्वात झालं की हवा घेणारा व्हॉल्व्ह) लावा आणि टाकीतून पंपाने वर चढवा, नाहीतर सरळ पंपिंग ट्रॅप (कंडेन्सेट स्वतः ढकलणारा ट्रॅप) घ्या.

इन्स्ट्रुमेंट_विभाग

ट्रिम बसली की पीआयडी नव्याने ट्यून करा बरं का. १ टक्का स्ट्रोकला आता ३८ ऐवजी साडेनऊ किलोच येणार, म्हणजे प्रोसेस गेन चौथाईवर आला. झुलणं थांबवायला तुम्ही आत्ता कंट्रोलरचा गेन खाली आणला असेल, तोच ठेवलात तर टेम्परेचर सेटपॉइंटला यायला फार रेंगाळेल. चारपटीपर्यंत वाढवायला वाव आहे, एकदम नका वाढवू, टप्प्याटप्प्याने जा आणि प्रत्येक टप्प्याला दिवसाचा आणि रात्रीचा दोन्ही ट्रेंड बघा.