मराठी शब्दतपासणीत सुधारणा करायची आहे. मुक्तस्रोत प्रकल्पात सहभागी कसे व्हावे?

खिळाजुळारी
नमस्कार. मी एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितशोधनाचे काम करतो. आमच्याकडे येणारा मजकूर पानांच्या मांडणीला जाण्यापूर्वी मी लिब्रेऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये वाचतो. मराठी शब्दतपासणीचा विस्तार बसवलेला असल्यामुळे ढोबळ चुका लगेच सापडतात. परंतु ‘फुलांवरच्या’, ‘गरिबांकडून’ यांसारखे निर्दोष शब्दही लाल रेघेखाली येतात. शिवाय ‘दुसऱ्या’ हा शब्द एका लेखकाच्या मजकुरात बरोबर ठरतो आणि दुसऱ्याच्या मजकुरात चूक ठरतो, जरी पडद्यावर तो दोन्हीकडे तंतोतंत सारखाच दिसतो. असे शब्द वैयक्तिक शब्दकोशात घातले की माझ्या संगणकापुरती रेघ जाते, इतरांच्या संगणकावर ती तशीच राहते.

हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असल्यामुळे त्यात कोणीही सुधारणा करू शकतो, असे वाचले आहे. मला प्रोग्रॅमिंग येत नाही. अशी सुधारणा नेमकी कोणाकडे पाठवायची, ती स्वीकारायची की नाही हे कोण ठरवते, आणि आमच्या कार्यालयात वर्षानुवर्षे जमलेली शब्दांची यादी जशीच्या तशी देता येईल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सांधेजोड
‘कोणीही सुधारणा करू शकतो’ या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. परवाना तुम्हाला सोर्स कोड पाहण्याचा, आपल्या प्रतीत बदल करण्याचा आणि ती बदललेली प्रत वाटण्याचा हक्क देतो. तुमचा बदल मूळ प्रकल्पात घेतलाच पाहिजे असे बंधन मात्र तो कोणावरही घालत नाही. मूळ प्रकल्पात काय जावे हे त्याचे मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारे, ठरवतात. त्यांचा निर्णय अजिबातच पटला नाही, तर कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरण्याची, म्हणजेच फोर्क करण्याची मोकळीक सर्वांना असते. लिब्रेऑफिसचा जन्मच तसा झाला. ओपनऑफिस हे सॉफ्टवेअर चालवणारी सन कंपनी 2010 मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेली आणि त्याच वर्षी ओपनऑफिसच्या अनेक कार्यकर्त्यांनी बाहेर पडून डॉक्युमेंट फाउंडेशनच्या छत्राखाली लिब्रेऑफिस सुरू केले.

तुमच्या बाबतीत पहिले काम म्हणजे दोष कोणत्या थरात आहे ते शोधणे. लाल रेघ लिब्रेऑफिस काढते, पण शब्द बरोबर की चूक हे ते स्वतः ठरवत नाही. ते काम हन्स्पेल नावाचे वेगळे सॉफ्टवेअर करते, जे मुळात हंगेरियन भाषेसाठी लिहिले गेले आणि आज फायरफॉक्समध्येही वापरले जाते. हन्स्पेललाही मराठी येत नाही. ते फक्त दोन मजकूर-धारिका वाचते, ज्यांपैकी एकीत शब्द असतात आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम. तुमचे ‘फुलांवरच्या’ बहुधा या धारिकांमध्ये अडकलेले आहे. याचा अर्थ असा की लिब्रेऑफिसच्या बगझिला या दोषनोंदवहीत तक्रार नोंदवली, तरी तिथले स्वयंसेवक तुम्हाला शब्दकोशाच्या कर्त्याकडेच पाठवतील.

तो कर्ता शोधणे अवघड नाही. विस्ताराची धारिका ही प्रत्यक्षात एक झिप असते. ती उलगडली की आत रीडमी नावाची माहितीची धारिका आणि परवान्याचा मजकूर सापडतो, आणि शब्दकोश कोणी तयार केला व कोठे ठेवला आहे हे सहसा त्यातच लिहिलेले असते. फेडोरासारख्या लिनक्स वितरणात हाच शब्दकोश पॅकेज म्हणून मिळत असेल, तर सुधारणा पॅकेज बांधणाऱ्याकडे न पाठवता उगमाकडे पाठवावी, कारण उगमाशी झालेला बदल खाली सर्वांपर्यंत पोचतो. मधल्या टप्प्यावर केलेला बदल पुढच्या आवृत्तीत पुसला जाण्याची भीती असते.

अर्धमात्रा
सांधेजोड यांनी रचना नीट सांगितली आहे. मी धारिकांच्या आत काय असते त्याबद्दल लिहितो, कारण मुद्रितशोधकाचे ज्ञान खरे तेथेच कामी येते.

शब्दांच्या धारिकेत प्रत्येक ओळीवर एक शब्द आणि तिरक्या रेघेनंतर एक किंवा अधिक खुणा असतात. नियमांच्या धारिकेत प्रत्येक खुणेचा अर्थ दिलेला असतो: शब्दाच्या शेवटून काय काढायचे, काय जोडायचे आणि शब्दाचा शेवट कसा असेल तरच हे करायचे. ‘फूल’ या शब्दासाठी दीर्घ ऊकार आणि ‘ल’ काढून ऱ्हस्व उकार, ‘ला’ आणि पुढचा प्रत्यय जोडावा लागतो, म्हणजे ‘फुलाला’, ‘फुलाने’, ‘फुलावर’ ही रूपे तयार होतात. हन्स्पेल प्रत्ययांचे दोन थर सोलू शकते. म्हणून ‘फुलांवर’ आणि त्यापुढील ‘च्या’ असे विभाजन शक्य असते, पण नियम लिहिणाऱ्याने दुसरा थर जोडलेलाच नसेल, तर ‘फुलांवरच्या’ चूक ठरते.

या कामात संगणकाचे ज्ञान थोडे लागते आणि व्याकरणाचे पुष्कळ. ‘वाट’ आणि ‘भिंत’ हे दोन्ही अकारान्त स्त्रीलिंगी शब्द आहेत, तरीही एकाचे सामान्यरूप ‘वाटे’ होते आणि दुसऱ्याचे ‘भिंती’. कोणत्या शब्दाला कोणती खूण द्यायची हे शब्दाच्या शेवटाकडे पाहून यंत्राला कळणार नाही. ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते, ‘काका’ मात्र तसाच राहतो. ‘गरीब’चे ‘गरिबा’ होते, परंतु ‘शरीर’ तत्सम असल्यामुळे ‘शरीराला’ असेच लिहावे लागते. येथे एक धोका आहे. घाईने ‘शरीर’ला ‘गरीब’ची खूण दिली, तर ‘शरिराला’ हे चुकीचे रूप प्रमाण ठरेल आणि बरोबर रूपाखाली रेघ येईल. निर्दोष शब्दाखाली रेघ आली तर वाचक वैतागतो. चुकीच्या शब्दाखाली ती आली नाही, तर चूक छापली जाते. माझ्या मते दुसरा दोष अधिक गंभीर आहे, म्हणून शंका असेल तेथे शब्द न घातलेला बरा.

‘दुसऱ्या’चा घोळ वेगळा आहे. त्यातले अर्धे ‘र’ दोन प्रकारे साठवले जाते: काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर व हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक घालतात. दिसायला दोन्ही एकच, पण यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. हन्स्पेलच्या नियमांत, तपासणीला येणाऱ्या मजकुराचे एक रूप दुसऱ्यात बदलून मग तपासण्याची सोय आहे. ती ओळ तुमच्या शब्दकोशात नसेल, तर तिची भर घालणे हे पहिल्या योगदानासाठी उत्तम काम ठरेल: बदल लहान, परिणाम मोठा आणि पडताळणी सोपी.

पायवाट
यादीबद्दल सावधगिरीची सूचना. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून तयार केलेल्या साहित्याचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, मालकसंस्था असते, असे 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे सतरावे कलम सांगते. तेव्हा तुमची यादी तुमची नसून प्रकाशनसंस्थेची असण्याची शक्यता अधिक. कोणत्या परवान्याखाली ती देण्यास संमती आहे हे नमूद केलेले चार ओळींचे लेखी पत्र संस्थेकडून घ्यावे. परवान्यांची नावे एका कुळातली वाटली तरी अटी निरनिराळ्या असतात: जीपीएलखाली दिलेल्या गोष्टीत बदल करून ती वाटणाऱ्याने आपला बदलही त्याच अटींवर खुला करायचा असतो, तर एमआयटीसारखा परवाना मूळ श्रेयनाम आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवण्यापलीकडे फारसे मागत नाही. शब्दकोशाचा जो परवाना असेल, त्याला जुळणाऱ्या अटींवरच यादी द्यावी.

बाजारातील शब्दकोशातून शब्द टिपून भर घालू नये. सुट्या शब्दांवर कोणाची मालकी नसली, तरी कोशातील निवड आणि मांडणी हे कर्त्याचे काम असते, आणि भारतात ते हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतात. मोल्सवर्थच्या कोशाची 1857 ची आवृत्ती केव्हाच मुक्त झाली आहे, पण तिचा उपयोग मर्यादित आहे, कारण 1962 च्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले आणि इतर अनेक रूपेही तेव्हापासून बदलली.

रात्रपाळी
मी संगणकशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणून थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आमच्याकडे सर्वजण गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर नवशिक्यांसाठी खूण केलेली कामे शोधण्याचा सल्ला देतात, आणि ऑक्टोबर आला की हॅक्टोबरफेस्ट या मुक्तस्रोत योगदानाच्या उपक्रमात भाग घ्यायला सांगतात. खिळाजुळारी यांनीही आधी अशा सोप्या कामांवर पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती पाठवण्याचा, सराव करून मग शब्दकोशाकडे वळावे, असे मला वाटते.

सांधेजोड
सराव जरूर करावा, पण तो आपल्याच खात्यावर रिकामा प्रकल्प उघडून करावा. दुसऱ्याच्या प्रकल्पावर सराव केल्याने काय होते ते 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये दिसले. टी-शर्ट मिळवण्यासाठी लोकांनी निरर्थक बदलांचा इतका भडिमार केला की आयोजकांना महिना संपण्यापूर्वीच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतःहून तयारी दाखवली आहे त्यांच्यापुरताच उपक्रम मर्यादित करावा लागला. 2024 च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या जावास्क्रिप्ट प्रकल्पाचेही असेच झाले. एका शिकवणीच्या चित्रफितीत तो उदाहरण म्हणून वापरला होता आणि ती पाहून, रीडमीमध्ये फक्त स्वतःचे नाव घालणाऱ्या विनंत्यांचा ढीग तेथे साचला. ती प्रत्येक विनंती कोणीतरी उघडून, वाचून बंद केली. मेंटेनरचा वेळ हीच अशा प्रकल्पांतील सर्वांत दुर्मीळ वस्तू असते.

ज्याला रोजच्या कामात दोष बोचतो, त्याने त्या दोषापासून सुरुवात करावी असे माझे मत आहे, कारण त्याला दुरुस्तीची पारख आधीपासूनच असते. रात्रपाळी, तुम्हाला मात्र कोडच लिहायचा असेल, तर लिब्रेऑफिसच्या ‘ईझी हॅक्स’ या सोप्या कामांच्या यादीकडे पाहा. तेथील बदल गेरिट नावाच्या व्यवस्थेतून तपासले जातात, आणि माझे योगदान प्रकल्पाच्या परवान्यांखाली वापरण्यास हरकत नाही असे जाहीर करणारी ईमेल प्रत्येक नव्या योगदात्याला एकदाच पाठवावी लागते.

रात्रपाळी
एक्स्प्रेसचा प्रकार माहीत नव्हता. तरीही नवशिक्यांसाठी मुद्दाम राखून ठेवलेली कामे घेण्यात काही गैर नाही, या मतावर मी कायम आहे. मेंटेनरनेच ती मांडलेली असतात.

सांधेजोड
राखून ठेवलेल्या कामांबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे.

खिळाजुळारी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रीडमी सापडले, शब्दकोशाचा उगमही सापडला. संमतिपत्रासाठी संपादकांशी बोललो असून ते अनुकूल आहेत. यादी त्यानंतरच हाती घेईन. तोपर्यंत ‘ऱ्या’चा बदल पाठवावा असे वाटते. पाठवताना काय लिहावे, आणि उत्तर आले नाही तर काय करावे?

अर्धमात्रा
आधी बदल स्वतः तपासा. हन्स्पेल आज्ञापटलावर उणे एल (-l) या पर्यायासह चालवले, तर ते दिलेल्या मजकुरातील फक्त नापास शब्दांची यादी काढते. तुमच्याकडे मुद्रितशोधन झालेली पुस्तके आहेतच. त्यांतील एखादे प्रकरण जुन्या धारिकांवर आणि नव्या धारिकांवर चालवा व दोन याद्यांतील फरक पाहा. गाळले गेलेले शब्द सगळे निर्दोष असावेत आणि नव्याने कोणताही शब्द नापास झालेला नसावा. हा फरक विनंतीसोबत जोडा, पुस्तकाचा मजकूर मात्र जोडू नका, कारण तो लेखकाचा आहे. एका विनंतीत एकच बदल ठेवा. वर्णनात काय बिघडते, ते कोणत्या कळफलकाने लिहिल्यावर बिघडते आणि तुमच्या ओळीने ते कसे सुधारते, एवढेच इंग्रजीत लिहावे. इंग्रजी साधे असले तरी चालते.

सांधेजोड
उत्तराबद्दल: दोन-तीन आठवडे थांबून त्याच ठिकाणी एक नम्र आठवण करावी. नवख्या माणसाचा बदल तपासायला वेळ लागतो आणि तो लागलाही पाहिजे. मार्च 2024 मध्ये एक्सझेड या धारिका लहान करणाऱ्या दाबणी-साधनात लपवलेले चोरदार (बॅकडोअर) उघड झाले. ते घालणाऱ्याने दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त बदल पाठवून, एकट्याने प्रकल्प ओढणाऱ्या थकलेल्या मेंटेनरचा विश्वास कमावला होता. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच या सोयीने दूरच्या यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला नसता, तर ते कितीतरी अधिक यंत्रांपर्यंत पोचले असते. शब्दकोशात असा धोका नगण्य आहे, पण सवय तीच असते.

आठवणीनंतरही हालचाल नसेल, तर शेवटचा बदल केव्हा झाला आणि इतरांच्या विनंत्याही तशाच पडून आहेत का ते पाहावे. प्रकल्प खरोखर ओस पडला असेल, तर देखभालीत मदत करण्याची तयारी उघडपणे लिहून ठेवावी. त्यालाही उत्तर आले नाही, तरच परवान्याच्या अटी आणि मूळ कर्त्याचे नाव जसेच्या तसे ठेवून फोर्क करावा, आणि तो केल्याचे मूळ ठिकाणी कळवावे, म्हणजे तेथे येणाऱ्या पुढच्या माणसाला तुमचा पत्ता मिळेल.