वेगासवरून पणजी आठवली

लास वेगासच्या स्ट्रिपवर, म्हणजे कॅसिनोंच्या त्या मोठ्या रस्त्यावर, संध्याकाळी चालण्याचं एक वर्णन वाचलं, बेलाजिओ हॉटेलचे कारंजे वगैरे, मस्तच. गंमत म्हणजे ती स्ट्रिप बहुतेक सगळी लास वेगास शहराच्या हद्दीबाहेरच आहे.

आम्हा सावंतवाडीकरांना झगमगाट बघायला पणजी पुरते. दिवेलागणीला जुन्या सचिवालयापासून मांडवीच्या कडेने चालत सुटायचं. संमोहनविद्येसाठी गाजलेल्या गोमंतकीय पाद्री आबे फारियाचा तो पुतळा, खाली पडलेल्या बाईवर दोन्ही हात पसरून उभा, आणि समोर पाण्यात कॅसिनोची जहाजं लाल-जांभळी पेटलेली, जेट्टीवर शर्ट इन केलेली मंडळी छोट्या बोटीची वाट बघत, काहींचे चेहरे आत्ताच हरल्यासारखे :)

जहाजंच का, तर गोव्याच्या १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात नंतर ज्या दुरुस्त्या झाल्या त्यात पंचतारांकित हॉटेलांना फक्त जुगाराची मशीनं मिळाली, पत्त्यांची टेबलं पाण्यावर गेली. त्यातून २०२० पासून गोंयकारांना खेळायला बंदी, म्हणजे आमच्या महाराष्ट्रातल्या बांद्याचा माणूस एकवीस पूर्ण असला की आत, आणि पत्रादेवीची गोव्याची हद्द ओलांडली की तिथला पेडणेकर बाहेर! बंदी घालायची तर सगळ्यांना घाला ना राव.

मी काय आत गेलो नाही, जायची इच्छा पण नाही. त्यापेक्षा पलीकडच्या काठावरच्या बेतीची फेरीबोट पकडा, चालत चढलात तर तिकीट नाही, आणि नदीच्या मधून सगळी रोषणाई दिसते. फक्त परतीच्या एसटीची वेळ आधी विचारून ठेवा.