मदत हवी आहे : इंग्रजी निबंधांतल्या शब्दसंग्रहाची तुलना

नमस्कार मंडळी. एम.ए.च्या प्रबंधासाठी मुंबईतल्या, मराठी माध्यमातून आलेल्या एफवायच्या मुलांचे इंग्रजी निबंध जमवतेय. इंग्रजी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांच्या निबंधांशी ते ताडून बघायचेत. त्यासाठी लॉकनेस हा संग्रह घेतलाय. त्यात ब्रिटिश आणि अमेरिकी विद्यार्थ्यांचे निबंध आहेत.

अडलंय ते मोजण्यात. एकूण शब्दांत वेगळे शब्द किती, हे गुणोत्तर काढलं की लांब निबंध आपोआप मागे पडतो, कारण लिखाण वाढलं की 'द', 'ऑफ', 'इज' पुन्हापुन्हा येणारच. आमच्या मुलांचे निबंध आखूड, म्हणून आकड्यांत तेच वरचढ! वाचताना मात्र 'व्हेरी', 'थिंग', 'इम्पॉर्टंट' यांचीच गर्दी जाणवते. प्रत्येकाचे पहिले २०० शब्दच घ्यावेत, की लांबीचा परिणाम कमी करणारं एमटीएलडी हे शब्दवैविध्याचं माप वापरावं? अगदी छोट्या निबंधांवर ते भरवशाचं राहतं का?

भाषा-अभ्यासक कॉक्सहेड यांची २००० सालची, ५७० शब्दकुटुंबांची (म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं) अकॅडमिक वर्ड लिस्ट, म्हणजे अभ्यासाच्या लिखाणात नेहमी येणाऱ्या शब्दांची यादीही लावून पाहायची आहे. पण विषय वेगळे असतील तर तुलना रास्त होणार नाही, असं माझं मत. लॉकनेसमधल्याच एखाद्या विषयावर मुलांकडून नव्याने लिहून घेऊ का?

शिवाजी विद्यापीठाच्या कोल्हापूर कॉर्पस या भाषासंग्रहावर कुणी काम केलंय? त्यात १९७८ मधली छापील भारतीय इंग्रजी आहे. तीही तुलनेत हवी असं मनापासून वाटतं. आपली मुलं वाचतात ती इंग्रजी बरीचशी इथलीच असते. जाणकारांना दादर-परळ भागात कुठेही येऊन भेटेन.