टॉप डिव्हिजनचे खरे मानकरी क्लब कोणते?

डावा विंगर

दोन दिवस मित्राशी वाद चाललाय, मिटायचं नाव नाही, म्हणून इथे विचारतो. २०२५ मध्ये लीड्स आणि संडरलँड हे क्लब प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या आजच्या टॉप डिव्हिजनमध्ये, परत आले तेव्हा तो म्हणाला, आता कुठे सगळं जागच्या जागी आलं. मी म्हटलं जागच्या जागी म्हणजे काय? बोर्नमथ २०१५ ला पहिल्यांदा खालच्या डिव्हिजनमधून वर आलं, मधे दोन वर्षं खाली जाऊन परत आलं, त्यांची जागा नाही का ती? तर म्हणे ते पाहुणे, हे घरचे.

मग मी कागद घेऊन घरच्यांची वीस नावं लिहायला बसलो. पहिली दहा पटापट झाली आणि तिथून पुढे अडलो ते अडलोच. बोल्टन घ्यायचं का? टॉप डिव्हिजनमध्ये ७३ सीझन खेळलेत पण लीग एकदाही जिंकली नाही, आणि हडर्सफील्डने १९२४, २५, २६ अशी लागोपाठ तीनदा जिंकली पण १९७२ ला उतरले ते थेट २०१७ ला वर आले आणि दोन वर्षांत परत खाली. यातलं घरचं कोण? वर्षं मोजायची, जेतेपदं मोजायची की आणखी काही?

कावेरी

वर्षं मोजा. जेतेपद दोन-तीन चांगल्या सीझनमध्ये मिळून जातं, पण वर टिकायला पिढ्या जातात.

फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ ला, बारा क्लब, सगळे लँकेशायर आणि मिडलंड्सचे, लंडनचा एकही नाही. त्यातलं एव्हर्टन आजवर फक्त चार सीझन टॉप डिव्हिजनच्या बाहेर होतं, १९३०-३१ चा एक आणि १९५१ ते ५४ चे तीन. बाकी एकशे वीसच्या वर सीझन वरच. एव्हर्टनला कुणी जुनाट म्हणो नाहीतर कंटाळवाणं म्हणो, मानकरी म्हणायचं तर पहिला मान त्यांचाच. दुसरं ॲस्टन व्हिला. लीगची कल्पनाच त्यांच्या विल्यम मॅकग्रेगरची, सात वेळा चॅम्पियन, १९८२ चा युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग), आणि तरी २०१६ ला उतरल्यावर तीन वर्षं खाली काढावी लागली.

लिव्हरपूल, आर्सेनल, मँचेस्टर युनायटेड, न्यूकॅसल, मँचेस्टर सिटी, स्पर्स (टॉटनहॅम), चेल्सी, संडरलँड यांच्याबद्दल वाद नसावा. वेस्ट ब्रॉम, वुल्व्ह्ज, ब्लॅकबर्न, बोल्टन, डर्बी, शेफील्ड वेन्सडे मी डोळे झाकून घेईन. त्यानंतर मात्र बर्नली, स्टोक, मिडल्सब्रो, नॉटिंगहॅम फॉरेस्ट, वेस्ट हॅम, शेफील्ड युनायटेड इतके जवळजवळ येतात की तिथे रेघ मारणं अवघड आहे हे मान्य.

आठवडीसामना

कावेरी, नुसती वर्षं मोजली की लीड्सचं काय होतं बघा. तो क्लब सुरूच झाला १९१९ ला, पहिल्यांदा वर आला १९२४ ला, आणि १९६१ मध्ये मॅनेजर डॉन रेवीने टीम हातात घेतली तेव्हा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये धडपडत होता. १९६४ ला वर, १९६९ आणि ७४ ला चॅम्पियन. लीड्स वरच असायला हवं असं जे आपल्याला वाटतं त्यातलं निम्मंअधिक त्या एका माणसाच्या तेरा वर्षांतून आलंय. फॉरेस्टचंही तेच. मॅनेजर ब्रायन क्लफ १९७५ च्या जानेवारीत आला तेव्हा तेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये, १९७७ ला वर, ७८ ला लीग, ७९ आणि ८० ला युरोपियन कप. लीग एक आणि युरोपियन कप दोन, असा दुसरा क्लब नाही. मग १९९९ ला खाली गेले आणि २३ वर्षं वर आलेच नाहीत.

म्हणजे एखाद्या क्लबचं घर वरच आहे ही भावना एका दशकातही तयार होते आणि मग पन्नास वर्षं पुसली जात नाही. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, तीही इतिहासच आहे. पण ती वर्षं मोजून सापडत नाही.

निळीशाई

मी संडरलँडवाली, त्यामुळे मोजमाप जरा बाजूला ठेवून बोलते. १८९० ला स्टोकच्या जागी लीगमध्ये आलो ते १९५८ पर्यंत एकदाही उतरलो नाही. सहा वेळा लीग जिंकली, शेवटची १९३६ ला. म्हणजे आज स्टेडियममध्ये बसलेल्या जवळपास कुणीच चॅम्पियन टीम पाहिलेली नाही, तरी २०१८ ते २०२२ चार वर्षं तिसऱ्या डिव्हिजनमध्ये असताना नाताळच्या दुसऱ्या दिवशी एका मॅचला ४६ हजारांवर लोक आले होते. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये! आजोबांनी बापाला नेलं, बापाने मुलाला नेलं, टीम कुठल्या का डिव्हिजनमध्ये असेना. माझ्यासाठी मान तो. डिव्हिजन बदलली तरी गाव हललं नाही.

रेघेवरचा

मला हा 'मानकरी' शब्दच खटकतो आणि मनापासून खटकतो.

आधी आर्सेनल घ्या. १९१९ पासून सलग वर आहेत, इतका मोठा सलग काळ दुसऱ्या कुणाचाच नाही, पण ते वर आले कसे? युद्धाआधीच्या शेवटच्या सीझनला दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पाचवे होते. युद्धानंतर पहिली डिव्हिजन (तेव्हाची टॉप डिव्हिजन) २० वरून २२ क्लबांची केली तेव्हा जास्तीच्या जागेसाठी क्लबांनी मतदान केलं, आर्सेनलला १८ मतं, तळाला राहिलेल्या स्पर्सना ८. म्हणजे शंभर वर्षांची परंपरा मैदानावर नाही, एका बैठकीत सुरू झाली. त्यानंतर ती त्यांनी कमावली हे खरंच, पण सुरुवात अशी.

आता उलटं उदाहरण. विम्बल्डन १९७७ ला फुटबॉल लीगमध्ये आलं, तेही मतदानानेच, आणि चौथ्या डिव्हिजनमधून चढत १९८६ ला पहिलीत. नऊ वर्षांत. पुढे १४ वर्षं तिथे टिकले आणि १९८८ ला लिव्हरपूलला हरवून एफए कप, म्हणजे इंग्लंडची बाद पद्धतीची स्पर्धा, जिंकली. त्यांना पाहुणे म्हणायची हिंमत आहे कुणाची?

आणि मँचेस्टर सिटी १९३७ ला चॅम्पियन झाले आणि पुढच्याच वर्षी उतरले, तेही डिव्हिजनमध्ये सगळ्यात जास्त गोल करून. कुणी म्हटलं नाही की हे कालचे चॅम्पियन आहेत, राहू द्या. इंग्लिश फुटबॉलचा मला आवडतो तो भाग हाच. हक्काच्या जागेची भाषा २०२१ च्या एप्रिलमध्ये सुपर लीगवाल्यांनी (युरोपातल्या बड्या क्लबांची वेगळी लीग, संस्थापकांना कायमची जागा) केली, इंग्लंडचे सहा क्लब त्यात, आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्याच फॅन्सनी रस्त्यावर येऊन त्यांना मागे घ्यायला लावलं.

कावेरी

रेघेवरचा, सुपर लीगचा मुद्दा पटला पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. हक्क असणं आणि मान असणं वेगळं. प्रेस्टनने पहिलीच लीग एकही मॅच न हरता जिंकली, २२ पैकी एकही नाही, त्याच सीझनला एफए कप एकही गोल न खाता जिंकला. १९६१ ला उतरले आणि प्रीमियर लीग त्यांनी कधी खेळलेलीच नाही. त्यांना कुणी जागा द्या म्हणत नाही, पण इंग्लिश टॉप डिव्हिजनचा इतिहास सांगताना पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागतं की नाही?

रेघेवरचा

घ्यावं लागतं. त्या अर्थाने मान्य.

डावा विंगर

सगळ्यांचे आभार. मित्राला कावेरींची यादी पाठवली तर म्हणतो लीड्सशिवाय यादी म्हणजे यादीच नव्हे, आठवडीसामनांचा मुद्दा वाचून दाखवला तेव्हा गप्प बसला. मी आता दोन याद्या करतोय, एक वर्षं मोजून आणि एक निळीशाईंच्या हिशेबाने. पोर्ट्समथ दुसरीत नक्की. १९४९ आणि ५० ला लीग जिंकून पुढे चौथ्या डिव्हिजनपर्यंत गेले, तेही दोनदा, तरी स्टेडियम भरतंच.

एकच शंका, मूळ बारांमधलं ॲक्रिंग्टन म्हणजे आत्ताचं ॲक्रिंग्टन स्टॅन्लीच ना?

आठवडीसामना

नाही, वेगळा क्लब. जुनं ॲक्रिंग्टन १८९३ ला लीगमधून बाहेर पडलं आणि १८९६ ला बंदच झालं. गाव एक, क्लब दोन. बारांपैकी कायमचा गेलेला तो एकटाच, बाकीचे अकराही आज खेळतायत.