ऑपरेशन करणाऱ्याने स्वतःचे आकडे रुग्णासमोर ठेवायला हवेत का?

ऋतुजा_क

बाबांचं प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं तेव्हा घरच्यांनी मिळून एकच प्रश्न विचारला होता: रोबोटने होईल ना? होईल म्हणाले, आम्ही निश्चिंत झालो. आज चौदा महिने झाले. पीएसए (प्रोस्टेटचा कॅन्सर परततोय का हे दाखवणारी रक्ततपासणी) जवळजवळ शून्य, म्हणजे कॅन्सरच्या बाजूने सगळं उत्तम. पण बाबांना अजून दिवसाला दोन पॅड लागतात, आणि पहाटेचं फिरणं त्यांनी सोडलं ते सोडलंच.

सर्जन मनापासून काम करणारे आहेत, माझी त्यांच्याविषयी तक्रार नाही. चूक आमच्या प्रश्नात होती. विचारायला हवं होतं ते असं: हे ऑपरेशन तुम्ही स्वतः किती वेळा केलंय, आणि तुमच्या रुग्णांपैकी किती जण वर्षभरानंतर एकही पॅड न वापरता वावरतात?

तेव्हापासून मी वाचते आहे. २००७ साली ७२ सर्जन आणि ७,७०० हून जास्त रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी ऑपरेशनं ओपन, म्हणजे पोट उघडून करायच्या पद्धतीची. सर्जनच्या गाठीशी १० ऑपरेशनं असतील तर पाच वर्षांत पीएसए पुन्हा चढण्याचं प्रमाण १७.९ टक्के, २५० असतील तर १०.७. आजाराची तीव्रता हिशेबात धरूनही हा फरक उरला. उलट २०१६ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला ३२६ पुरुषांची चाचणी झाली. कुणाचं ओपन आणि कुणाचं रोबोटने, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं होतं. बारा आठवड्यांनी लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन्ही गटांत सारखीच. दोन वर्षांनीही तेच.

म्हणजे यंत्र बदलून जे बदललं नाही ते हात बदलल्यावर बदलतं. मग संमतीपत्रावर सही घेण्याआधी त्या हातांचा हिशेब रुग्णाला लेखी मिळायला नको का? माझं मत स्पष्ट आहे: मिळायलाच हवा, न मागता.

डॉ_निनावी

मी हीच ऑपरेशनं करतो आणि तुमच्या मागणीला माझा विरोध आहे.

लघवीवरचा ताबा एकट्या सर्जनच्या हातात नसतो. प्रोस्टेटच्या खाली स्नायूचं एक वलय असतं, त्यातून मूत्रमार्ग जातो. त्या भागाची लांबी प्रत्येकाची वेगळी असते. एमआरआयवर ती मोजता येते, आणि ती जितकी कमी तितका ताबा उशिरा येतो. वय, वजन, गाठीचा आकार, आधीचं एखादं ऑपरेशन, हे सगळं वेगळंच. शिवाय प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना नसांचे जुडगे चिकटून असतात. अमेरिकन सर्जन पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली ते वाचवून ऑपरेशन करून दाखवलं, तोवर ताठरता गेली तर ती कॅन्सरची किंमत समजत. पण कॅन्सर त्या बाजूला कडेपर्यंत पोचला असेल तर नस वाचवणं म्हणजे कॅन्सर मागे ठेवणं. तिथे मी नस वाचवत नाही, काढून टाकतो. माझे आकडे बिघडतात, रुग्ण वाचतो.

आता हे आकडे दारावर लावले तर काय होईल? अवघड रुग्ण घ्यायला कुणी तयार होणार नाही. न्यूयॉर्क राज्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हृदयाच्या बायपाससाठी सर्जननिहाय मृत्युदर जाहीर होऊ लागले, तेव्हापासून हीच भीती बोलली जाते. सोप्या केसेस निवडणारा माणूस कागदावर माझ्यापेक्षा सरस दिसेल.

आणि दहावं ऑपरेशन कुणाचं तरी असणारच. अडीचशे ऑपरेशनं केलेला सर्जन आभाळातून पडत नाही.

अर्धविराम

ऋतुजाताई, ब्रिस्बेनचा निकाल तुम्ही उलटा वाचताय. त्या चाचणीत दोन्ही बाजूंना एकेकच सर्जन होता. ओपन करणाऱ्याच्या मागे १,५०० हून जास्त ऑपरेशनं, रोबोटवाल्याच्या मागे साधारण २००. तरी दोघांचे निकाल सारखे! याचा अर्थ यंत्राने फरक पडत नाही असा होत नाही. दीड हजारांचा अनुभव यंत्राने दोनशेत भरून काढला, असाही होऊ शकतो.

आणि मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनाकडे बघा. ब्रिटनमध्ये ३३८ रुग्णांची चाचणी झाली, निकाल २०२२ साली आले. लघवीचा नवा मार्गही पोटाच्या आतच रोबोटने बांधला होता. रक्ताच्या गुठळ्या रोबोट गटात १.९ टक्के, ओपन गटात ८.३. जखमेच्या तक्रारी ५.६ विरुद्ध १६. गुठळी फुप्फुसात गेली तर माणूस जातो, त्यामुळे हा फरक मला मोठा वाटतो. आम्ही 'रोबोटने होईल का' हेच विचारलं होतं आणि त्याचा मला पस्तावा नाही.

ऋतुजा_क

अर्धविराम, एकेकच सर्जन होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, मान्य. पण मग तीनशेच्या वर रुग्ण असूनही ती तुलना दोन माणसांची ठरते, आणि तुमचा निष्कर्षही माझ्याइतकाच डळमळतो. दोनशे हा आकडाही काही नवशिक्याचा नाही. आमच्या सर्जनचा किती होता? मला आजही ठाऊक नाही.

डॉक्टर, अवघड केस टाळली जाईल हा मुद्दा खरा आहे. पण म्हणून सगळ्यांनीच अंधारात राहायचं? ब्रिटनमधल्या मूत्रशल्यचिकित्सकांच्या संघटनेने २०१३ पासून सर्जननिहाय आकडे जाहीर करायला सुरुवात केली. तिथली ऑपरेशनं काही बंद पडली नाहीत.

जुनी_वही

हे सगळं कॅन्सरचं चाललंय. साध्या वाढलेल्या प्रोस्टेटचं काय? माझं दुर्बिणीतून खरवडून काढलं. धार सुधारली, रात्री पाचदा उठायचो ते एकदावर आलं. पण नंतर संबंधात वीर्य बाहेर येणं बंद झालं. मला वाटलं आता कायमचं काहीतरी बिघडलं. कितीतरी महिने बायकोलाही सांगितलं नाही. पुढे कळलं की या ऑपरेशननंतर बहुतेकांना असं होतं, वीर्य मागे मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. धोका काही नाही. हे एक वाक्य आधी कुणी बोललं असतं तर पुरे होतं. मला टक्केवारी नको होती हो.

डॉ_निनावी

काका, ते वाक्य तुम्हाला सांगायलाच हवं होतं, यात दुमत नाही. लेझरने गाठ सालीतून सोलून काढली तरी बहुतेक वेळा हेच होतं, म्हणून तिथेही आधी बोलावं. तंत्रातली खरी सुधारणा दुसरीकडे झाली आहे. पूर्वी खरवडताना ग्लायसिनचं पाणी वापरत. ते रक्तात शोषलं गेलं की सोडियम उतरायचं, माणूस टेबलावरच गोंधळून जायचा. बायपोलर या नव्या प्रकारच्या विजेच्या यंत्रात आणि लेझरमध्ये सलाइन चालतं, त्यामुळे तो प्रकार जवळजवळ संपला. मोठ्या गाठींना पोट उघडावं लागायचं, तेही लेझरमुळे टळतं. पण ते सोलणं शिकायला वेळ लागतो आणि सुरुवातीच्या केसेसमध्ये काही काळ लघवी सुटते. पुन्हा तोच प्रश्न, शिकणार कुणावर.

रात्रपाळी

मूत्रविकारांच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून लिहिते. तुम्ही दोघं सर्जनच्या हातांबद्दल भांडताय. मूत्राशय काढलेला रुग्ण टेबलावर काही तास असतो, आमच्याकडे कित्येक दिवस.

पोटावर लघवीचं छिद्र आणि त्यावरची पिशवी कुठे बसणार याची खूण ऑपरेशनच्या आधी करतात. रुग्णाला उभं करून, बसवून, वाकायला लावून, पट्टा कुठे येतो ते बघून. ही खूण न करता आत नेलेला माणूस मी पाहिलाय. छिद्र नेमकं घडीत आलं. पिशवी चिकटेना, कातडी सोललेली, रात्रीत तीन वेळा चादर बदलायची. ऑपरेशनच्या नोंदीत त्याचं नाव 'गुंतागुंत नाही' या रकान्यात होतं.

आणि आतड्याचं नवं मूत्राशय हवं असा हट्ट धरणाऱ्यांनाही मी सांगते: पन्नास-साठ सेंटीमीटर आतडं त्यात जातं. भरल्याची जाणीव पूर्वीसारखी होत नाही, घड्याळ लावून जावं लागतं, रात्री गजर लावून उठावं लागतं. कुणाकुणाला कायम नळी घालून रिकामं करावं लागतं. काहींना ते फार छान जमतं. काही जण साध्या पिशवीवर जास्त सुखी असतात. हे कुठल्या आकड्यात बसवणार?

ऋतुजा_क

रात्रपाळी, तुमचं वाचून मला माझी मागणी थोडी बदलावीशी वाटते. निकाल रुग्णागणिक बदलतात, ठीक. पण खूण केली की नाही, हे रुग्णाच्या वयावर किंवा गाठीवर अवलंबून नाही. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढतात तेव्हा तपासणीच्या तुकड्यात खालचा स्नायू आला पाहिजे, नाहीतर कॅन्सर किती खोल गेलाय ते नक्की सांगता येत नाही. तुमच्या किती तुकड्यांत स्नायू येतो? हाय-ग्रेड, म्हणजे आक्रमक गाठीत काही आठवड्यांनी पुन्हा आत जाऊन बघता का? डॉक्टर, हे आकडे द्यायलाही तुमची हरकत आहे?

डॉ_निनावी

कमी हरकत आहे. तरी एक सांगतो. स्नायू यायलाच हवा हे लक्ष्य झालं की पातळ भिंतीच्या मूत्राशयात एखादा जास्तच खोल जाईल आणि भिंतीला भोक पाडेल. पृष्ठभागावरच्या लहान, सौम्य गाठीला दर वेळी तेवढं खोल जायची गरजही नसते. मोजलं की माणूस मोजमापासाठी काम करू लागतो.

अर्धविराम

हे कारण प्रत्येक मोजमापाला लागू पडतं डॉक्टर. मग काहीच मोजू नये असं होईल.

घरधनी

मी रुग्ण आहे. मूत्राशयाचा कॅन्सर स्नायूत शिरलेला होता. सर्जनबाई आकडे सांगणार होत्या, मीच हात वर केला. नको म्हटलं. त्याआधी वाचून वाचून मी सहा आठवडे घालवले होते. दर वेळी नवा आकडा आणि दर वेळी 'अजून एका डॉक्टरांना विचारू'. शेवटी बाई एवढंच म्हणाल्या की या आजारात तीन महिन्यांच्या पुढे ढकलणं अंगाशी येतं. ते ऐकलं आणि सही केली. ऋतुजा, तुझा राग मला कळतो. पण लेखी आकडे सक्तीचे केलेस तर माझ्यासारखा माणूस ते हातात धरून घरीच बसेल.

ऋतुजा_क

काका, तुम्हाला नको म्हणता आलं, कारण कुणीतरी आधी विचारलं. बाबांना कुणी विचारलंच नाही. सक्ती हा शब्द मी मागे घेते. पण विचारण्याची सक्ती हवी: 'आमचे आकडे आहेत, ऐकायचेत का?' तुम्ही नको म्हणाल, बाबा हो म्हणाले असते.

रात्रपाळी

बाबांना कुणी पेल्विक फ्लोअरचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवले का? कागद देतात, आणि बरेच जण पोट आवळतात. फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवा. चौदा महिन्यांनी सुधारणा सावकाश होते, पण प्रयत्न करा. तेवढ्याने भागलं नाही तर कृत्रिम वलय बसवण्याचंही ऑपरेशन असतं, त्याबद्दल विचारा. दोन पॅडवर थांबायलाच हवं असं नाही.

डॉ_निनावी

काल रात्री गेल्या वर्षीच्या माझ्या रुग्णांची वही घेऊन बसलो. पीएसए प्रत्येकासमोर लिहिलेला आहे, कारण त्याचा रिपोर्ट येतो. पॅड किती, ही नोंद निम्म्यांसमोरही नाही. जे परत आले त्यांची आहे. जे आले नाहीत ते बरे झाले असं मी धरून चाललो होतो. आकडे जाहीर करायला माझा विरोध अजून तसाच आहे. पण ऋतुजाताई, तुम्ही समोर बसून विचारलं असतंत तर मी जो आकडा सांगितला असता तो खरा नसता, आणि हे मला काल कळलं. उरलेल्यांना फोन लावतो आहे. आज चौघांशी बोलणं झालं.