‘सर शिकवतच नाहीत’ : सोसायटीच्या पालक ग्रुपवर रविवारी रंगलेली चर्चा

बी-२०३: मुलगी नववीत. म्हणते, सर दहा मिनिटं बोलतात, मग फळ्यावर प्रश्न टाकतात आणि मुलांनाच आपापसात बोलायला लावतात. विद्यार्थीकेंद्री पद्धत म्हणे. मग फी कसली घेतात?

ए-५०१: अगदी बरोबर. पुढे साऱ्या जगाशी स्पर्धा आहे. गप्पा मारून कोणाला सूत्रं आलीत? आधी पाठांतर हवं.

डी-१०२: काका, आमच्या कंपनीत मी इंटरव्ह्यू घेतो. सूत्र कोणाला विचारत नाही, ते मशीन सांगतं. मुद्दाम अर्धवट माहिती देतो आणि म्हणतो, तुम्हाला आणखी काय विचारायचंय? भल्याभल्या मार्कांची मुलं तिथे गप्प बसतात. आजवर प्रश्न कायम दुसऱ्यानेच विचारलेला ना!

सी-४०२: मी कॉलेजात फिजिक्स शिकवते म्हणून सांगते. मेसेज लांबेल, सांभाळून घ्या. हार्वर्डचे प्राध्यापक एरिक मॅझर. त्यांचे तास मुलांना आवडायचे, अवघड गणितंही मुलं सोडवायची. १९९० च्या सुमारास त्यांनी साध्या बोलीतले प्रश्न देऊन पाहिले. उदाहरणार्थ, अवजड ट्रक छोट्या गाडीवर आदळला, तर कोण कोणावर जास्त बल लावतं? न्यूटनचा तिसरा नियम सगळ्यांना पाठ. तरी असल्या प्रश्नांत कित्येक जण गडबडले. बल दोघांचं सारखंच असतं.

ए-५०१: सारखं कसं? चुराडा तर गाडीचाच होतो!

सी-४०२: 😀 काका, तास सुरू झाला बघा. कोण समजावतंय?

डी-१०२: बल सारखंच, पण गाडीचं वस्तुमान कमी. त्यामुळे तिचा वेग फार झपाट्याने बदलतो. मार तिला जास्त बसतो तो त्यामुळे.

ए-५०१: हं. नियम मला आजही पाठ आहे, एवढं सांगून ठेवतो.

सी-४०२: मॅझरनी मग तासाची घडीच बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचं. साधारण ३० ते ७० टक्के बरोबर आले तर शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा मत द्यायचं. त्याहून कमी आले तर सरांनी पुन्हा शिकवायचं, जास्त आले तर पुढे जायचं. म्हणजे सरांना सुट्टी नाही. मुलं कुठे अडखळणार हे आधी ओळखून प्रश्न काढावा लागतो, आणि तेच सगळ्यात जड काम. व्याख्यान त्या मानाने सोपं.

बी-२०३: पण मॅडम, ती म्हणते काहीच शिकल्यासारखं वाटत नाही.

सी-४०२: तसं वाटतंच. हार्वर्डमध्येच २०१९ साली यावर अभ्यास आला. तोच धडा काहींना उत्तम व्याख्यानातून, काहींना स्वतः सोडवायला लावून. दुसऱ्या गटाला वाटलं आपण कमी शिकलो, चाचणीत मार्क मात्र त्यांनाच जास्त. सफाईदार व्याख्यान ऐकताना सगळं कळतंय असं वाटतं, घरी वही उघडली की खरं काय ते समजतं. २०१४ साली विज्ञान-गणिताच्या कॉलेज वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले होते. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सरासरी ३४ टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत २२.

ई-३०४: आमच्याकडे मात्र विद्यार्थीकेंद्री म्हणजे प्रोजेक्ट. रात्री अकराला थर्माकोल कापतो आम्ही आणि केंद्रस्थानी असलेला विद्यार्थी झोपलेला असतो 🙏

सी-४०२: ते पालककेंद्री झालं 😀 आणि काकांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. नवशिक्याला ‘तूच शोध’ म्हणून मोकळं सोडलं तर तो गोंधळतो. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-अभ्यासकांनी २००६ साली हेच जोरात मांडलं. डोक्यात एका वेळी फार थोडं मावतं. पाढे, व्याख्या पक्क्या असतील तरच विचाराला जागा उरते.

डी-१०२: सिंगापूर बघा की. ‘कमी शिकवा, जास्त शिकू द्या’ हे धोरण त्यांनी २००५ साली आणलं. पंधरा वर्षांच्या मुलांची ती पिसा नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते, तिच्यात २०१५ साली गणित, विज्ञान, वाचन तिन्हींत पहिले. त्याच वर्षी गटाने मिळून प्रश्न सोडवण्याची परीक्षा झाली, तिथेही पहिले. सगळं त्या धोरणामुळेच झालं असं नाही म्हणत मी. पण पाया पक्का असला म्हणून चर्चा अडत नाही, एवढं तर दिसतं.

ए-५०१: म्हणजे पाठांतर लागतंच! मी वेगळं काय म्हणत होतो?

अ‍ॅडमिन: काका, तुमच्या पाठांतराच्या पहिल्या मेसेजवर मघाशी सहा अंगठे आले होते, आता सात.

बी-२०३: बरं, शनिवारी पालकसभा आहे. सरांना काय विचारू?

सी-४०२: फी कशाची, हे नको विचारू. प्रश्न दिल्यावर बहुतेक मुलं चुकली तर तुम्ही पुढे काय करता, हे विचार. उत्तर लगेच आणि उदाहरणासकट आलं तर निर्धास्त राहा. एका गटात किती मुलं बसतात आणि न बोलणाऱ्या मुलाचं काय करता, हेही विचार. चार जणांतला एकच बोलत असेल तर ते पुन्हा व्याख्यानच, फक्त देणारा बदलला.

बी-२०३: ती न बोलणाऱ्यांतलीच आहे. हेच पहिलं विचारते.