कंपनी लेट फी आणि सरचार्ज कायद्याने वसूल करू शकते का?

रानवारा:
एका कंपनीचं बिल भरायला थोडा उशीर झाला, मान्य आहे, पण पुढच्या बिलात लेट फी लावली ती लावलीच आणि त्याखाली "प्रशासकीय सरचार्ज" म्हणून मूळ बिलाच्या जवळपास निम्मी रक्कम. फोन केला तर म्हणे अटींमध्ये आहे, भरावंच लागेल. मूळ बिल द्यायला मी तयारच आहे. पण कंपनीने लावलंय म्हणून द्यायलाच हवं का?

काळाकोट:
आधी करार काढून बघा. करार झाल्यावर नुसत्या बिलामागे छापून आलेली अट सहसा टिकत नाही, पण सही केलेल्या कागदात "वेबसाइटवरच्या अटी मान्य" असं असेल तर मी वाचलंच नव्हतं हे म्हणणं कोर्टात फारसं चालत नाही.
आणि अट असली तरी रक्कम वाजवी हवी. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ७४ वाचा. करारात आकडा लिहिला असला तरी कोर्ट वाजवी भरपाईच देतं, तो आकडा म्हणजे फक्त कमाल मर्यादा. निम्मं बिल कसली भरपाई आहे हे कंपनीला सांगता यायला हवं.

टाचणी:
पण सगळीच लेट फी बेकायदा असं कुणी समजू नये प्लीज. ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये पार्किंगमध्ये जास्त वेळ गाडी ठेवल्याबद्दलचा ८५ पौंडांचा चार्ज कायम ठेवला, कारण बोर्ड ठळक होते आणि जागा अडवून ठेवू नये यात कंपनीचं रास्त हित होतं. आणि धंद्याधंद्यातल्या उधारीत तर कायदाच व्याज लावतो, आपल्याकडे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे थकवले तर २००६ च्या कायद्याने रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं लागतं, आणि ते योग्यच आहे, छोट्या माणसाचं खेळतं भांडवल अडकतं हो.

जमाखर्च:
मूळ बिल अडवून ठेवू नका, लगेच भरा, पण भरताना "अमुक नंबरच्या बिलाच्या मूळ रकमेपोटी" असं लेखी कळवा. नाहीतर कंपनी ते पैसे आधी सरचार्जमध्ये वळते करते, मूळ बाकी तशीच दिसते आणि त्यावर परत लेट फी. त्याच करार कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे पैसे कुठल्या बाकीपोटी घ्यायचे हे देणारा सांगू शकतो. सरचार्ज मान्य नाही, कुठल्या अटीखाली लावला आणि हिशोब काय ते कळवा असा ईमेल टाका. ऑटो डेबिट असेल तर ते आधी बघा, एकदा पैसे गेले की मागे तुम्हालाच लागावं लागतं.

रानवारा:
करार सापडला. लेट फीची अट आहे, सरचार्जचा कुठेच उल्लेख नाही. वेबसाइटच्या अटींचंही काही लिहिलेलं नाही.

काळाकोट:
मग लेट फी भरून टाका, ती वाजवी वाटतेय. सरचार्ज मात्र लेखी नाकारा. कराराचं ते पान ईमेलला जोडा आणि यापुढे फोनवर काही बोलू नका.